हाराविना एकसष्टी

आईला राग आला की तिचे हात भरभर चालायचे. घरी खटका उडाला की दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात गजरे जास्त असायचे. हे वडिलांच्या लक्षात आलं होतं, आणि धंद्याला बरं म्हणून ते अधूनमधून मुद्दाम खुसपट काढतात असा मला दाट संशय होता. दुकान म्हणजे नाशिकच्या फूलबाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीखाली अंथरलेलं ओलं गोणपाट. मळा मखमलाबादच्या अंगाला. नव्वदच्या दशकाची निम्मी वर्षं सरली होती आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी दहापर्यंत गजरे, मग कॉलेज. अंगाला कायम निशिगंधाचा वास यायचा. वर्गातल्या मुली विचारायच्या, कोणतं सेंट लावतेस? मी एक इंग्रजी वाटेल असं नाव ठोकून दिलं होतं.

आईचा एक नेम होता. दिवसाची भवानी करणारं गिऱ्हाईक, म्हणजे अगदी पहिलं, बाईमाणूस असेल तर तिच्या केसांत आई स्वतःच्या हातानं गजरा माळायची. फुकट. नको म्हणणाऱ्यांचं ती ऐकायची नाही. मुलाखतीला निघालेल्या एका मुलीला तिनं अबोलीचा असा घसघशीत गजरा माळला होता की ती बिचारी रडवेली झाली. चार दिवसांनी तीच मुलगी पेढे घेऊन आली, आणि तेव्हापासून गावातल्या मुलींना नोकऱ्या आपणच लावतो असं आईला वाटू लागलं.

आमच्या शेजारच्या गोणपाटावर मावशी बसायची. सगळा बाजार तिला मावशीच म्हणायचा. तिचं आणि आईचं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण एवढंच, की एका दसऱ्याला मावशीचं गोणपाट आमच्या हद्दीत वीतभर आलं होतं. दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या आणि माझ्यामार्फत बोलायच्या. "विचार तुझ्या आईला, सुई हाय का जादाची?" आई ऐकून घ्यायची, मी पुन्हा विचारेपर्यंत थांबायची, आणि मगच सुई काढून माझ्या हातात द्यायची.

पंचवटीच्या पलीकडे तेव्हा एक संस्था होती. गरीब, निराधार मुलींना ठेवून घ्यायची. चालवायचे एक महाराज, आणि मुली पाठवायचं काम सरकारी कचेरीचं. देवाचा हात डोक्यावर आणि सरकारचाही, त्यामुळे तिथलं सगळं चांगलंच असणार असं गावानं धरून ठेवलं होतं. संस्थेच्या गच्चीवर बारा महिने पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत असायच्या. यात्रेकरूंच्या धर्मशाळा होत्या, लॉज होते, त्यांच्या चादरी. पुलावरून जाताना लोक म्हणायचे, काय टापटीप आहे बघा. मीही म्हटलंय. त्या धुतं कोण, हे एवढ्या मोठ्या गावात कुणी विचारलं नव्हतं. आज हे लिहितानाही मला माझा राग येतो.

संस्थेच्या देवघराची फुलं आमच्याकडून जायची. रोज सकाळी संस्थेच्या बाई एका मुलीला घेऊन यायच्या. त्या रखवालीला असल्यासारख्या चार पावलं मागे, आणि टोपली मुलीच्या डोक्यावर. मुलगी पंधराएक वर्षांची, डोक्याला घट्ट रुमाल. फुलं घेताना तिचे हात दिसायचे. सोड्यानं सोलवटलेले, पांढुरके, म्हातारीच्या हातांसारखे. आई तिला विचारायची, "काय गं, कुठली तू?" ती म्हणायची, "हरसूलकडची," आणि मागं वळून बघायची.

चैत्रातल्या एका सकाळी त्या दोघी नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि भवानी त्यांच्या हातून झाली. बाई नारळवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होत्या. आईनं मोगऱ्याचा गजरा उचलला. मुलगी मागं सरली. "नको काकी." आईला नको हा शब्द कधी ऐकूच यायचा नाही. "अगं, लाजू काय राहिली," म्हणत तिनं एका हातानं रुमाल मागं ओढला.

रुमालाखाली केस नव्हते. म्हणजे होते, पण कुणीतरी कात्रीनं वाटेल तसे कापलेले. कुठे बोटभर, कुठे कातडीलगत.

"कोणी केलं हे?" आईनं विचारलं.

"बाईंनी. म्या आयेकडं चालले व्हते. ष्टँडावर धरली."

तिनं रुमाल पुन्हा बांधला, टोपली उचलली आणि जाता जाता खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "आये बुधवारी फाटकाशी येते. भेटू देत नाय."

त्या दिवशी आईनं नऊ वाजेपर्यंत शंभरावर गजरे ओवले. मधेच म्हणाली, "भर बाजारात मी पोरीचं डोकं उघडं केलं." तिला संस्थेचा राग आलाच होता, पण आधी स्वतःचा आला होता. मला वाटतं, पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

बुधवारी नदीकाठी आठवड्याचा बाजार भरतो. तिथं हिरव्या करवंदांचे पानांचे द्रोण मांडून बसलेली बाई आईनं अर्ध्या तासात शोधून काढली. काळी, काटक, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. कचेरीतला एक माणूस गावात आला होता. पोरीला शाळा मिळेल, शिवण मिळेल, वर्षभरानं घेऊन जा, असं सांगून त्यानं अंगठा घेतला होता. वर्ष उलटलं. आता दर बुधवारी करवंदं विकून ती फाटकाशी जाऊन बसायची आणि शेवटच्या एस.टी.नं परत जायची. "पोर आतच हाय ना, एवढं तरी सांगा म्हणते," ती म्हणाली. "तेबी सांगत नाय."

आम्ही तिघी फाटकाशी गेलो. रखवालदार म्हणाला, कचेरीचं पत्र आणा. कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, संस्थेचं पत्र आणा. मी शिकलेली होते, त्यामुळे मूर्ख होते. मला वाटलं, नीट लिहिलं की नीट होतं. 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी' अशी सुरुवात करून मी अर्ज लिहिला, कार्बन लावून. उत्तर नाही. दुसरा लिहिला. पाचव्या अर्जापर्यंत माझं अक्षर सुधारलं आणि भाषा बिघडत चालली. अकराव्या अर्जात मी 'मेहेरबान' हा शब्द गाळला. याच्यापलीकडे माझं बंड गेलं नव्हतं.

आई प्रत्येक वेळी विचारायची, "काय म्हणे कागद?" मी म्हणायचे, "विचाराधीन आहे." ती म्हणायची, "मग मीबी विचारच करू राहिले."

अशात महाराजांची एकसष्टी आली. संस्थेच्या सभागृहात सत्कार, कचेरीचे साहेब अध्यक्ष, नंतर सर्वांना महाप्रसाद. संस्थेच्या बाई ऐटीत आल्या आणि एकसष्ट हारांची ऑर्डर सांगू लागल्या. निशिगंध आणि गुलाबाचे, महाराजांचा गुडघ्यापर्यंत.

आई म्हणाली, "नाय मिळायचे."

आमच्या धंद्यात हा शब्द नव्हता. फुलं संपली असली तर आम्ही 'थांबा, आणवते' म्हणायचो. बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पोर तिच्या आईला देऊन टाका," आई म्हणाली. "एकसष्ट काय, शंभर ओवते."

बाई हसल्या. "बाजारात काय तू एकटीच आहेस?" म्हणाल्या आणि एक पाऊल सरकून मावशीपुढे उभ्या राहिल्या.

आता आई वळली. चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशिवाय मावशीशी बोलली. "त्या पोरीचे केस कापलेत गं," एवढंच म्हणाली. मावशीनं आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, हातातली सुई गोणपाटात खुपसली आणि म्हणाली, "माझा हात दुखू राहिला. म्हैनाभर हार होत नाय." बाई गेल्यावर तिनं मला सांगितलं, "सांग तुझ्या आईला, मी हे पोरीसाठी केलं. वीतभर जागेचं ते तसंच हाय."

दुपारपर्यंत सगळ्या बाजाराचा हात दुखायला लागला. बाजारातलं वैर आणि बाजारातल्या सोयरिकी इतक्या गुंतागुंतीच्या होत्या की निरोप पोचवायला कुणाला उठावंही लागलं नाही. पंचवटीतल्या देवळांसमोरच्या फुलवाल्या आमच्याच नात्यातल्या. कॉलेज रोडला तेव्हा नुकतंच पुष्पगुच्छांचं, म्हणजे बुकेंचं, एक काचेचं दुकान सुरू झालं होतं. तिथला मालक फुलं आमच्याकडून न्यायचा, तो म्हणाला, मला कशाला मधे घेता, मी त्या दिवशी बंदच ठेवतो. बायका खुशीत होत्या. हार न करण्यात एवढी मजा असते हे कुणालाच माहीत नव्हतं. मावशीनं तर नवीन लुगडं काढलं.

कारण महाप्रसाद सर्वांना होता, आणि आम्ही सर्वांतच मोडत होतो. सत्काराच्या सकाळी दहा वाजता वीस-पंचवीस फुलवाल्या सभागृहात जाऊन बसल्या. हरसूलची ती आई माझ्या आईच्या आणि मावशीच्या मधे. मी मागे, पिशवीत अकरा अर्जांच्या नकला. का आणल्या होत्या ते मलाही ठाऊक नव्हतं, पण घरी ठेववेनात.

पुढच्या रांगांत संस्थेच्या मुली बसल्या होत्या. तीसएक मुली, सगळ्यांचे रुमाल सारखे, कपडे सारखे, पाठी सारख्याच वाकलेल्या. ती आई एकेका पाठीवरून नजर फिरवत होती. पुन्हा पहिलीपासून. "कोणती गं तुझी?" मावशीनं विचारलं. ती म्हणाली, "वळखू येत नाय." आईला आपली पोर पाठमोरी ओळखू येऊ नये, इतकं त्यांनी सगळ्यांना एकसारखं करून टाकलं होतं.

मंचावर महाराज, साहेब आणि मोठ्या फोटोत संस्थेचे दिवंगत संस्थापक. निवेदकानं भरदार आवाजात जाहीर केलं, "आता पुष्पहार अर्पण करून..." आणि थांबला. पंखा गरगरत होता. कार्यकर्ते आत-बाहेर पळत होते. शाल आली, नारळ आला, हार येईना. निवेदक महाराजांच्या बालपणात शिरला, तिथून त्यांच्या आजोबांच्या बालपणात गेला. महाराज मान किंचित पुढे काढून बसले होते, हार पडेल या बेतानं. ती मान पंधरा मिनिटं तशीच होती.

शेवटी एका कार्यकर्त्याला सुचलं. संस्थापकांच्या फोटोला चंदनाचा हार होता. चंदनाच्या सालींचा, आपण वारलेल्या माणसाच्या तसबिरीला घालतो तो. त्यानं स्टुलावर चढून तो काढला, धूळ फुंकली आणि एकट्या निवेदकाच्या टाळ्यांच्या गजरात महाराजांच्या गळ्यात घातला.

सभागृहात दुसरी एकही टाळी वाजली नाही. त्या शांततेत मावशीनं पदर तोंडाशी नेला आणि हळहळून विचारलं, "अरेरे, कधी गेले?"

सवयीनं तोंडून निघालं, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. माझा विश्वास नाही. आधी फुलवाल्या हसल्या, मग मागचे लोक, मग खुर्च्यांवरची प्रतिष्ठित मंडळी. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि पुढच्या रांगांतून, त्या सारख्या पाठींमधून, एक हसू उसळलं. खळखळून, मधे श्वास ओढत, न थांबणारं.

हरसूलची आई उभी राहिली. "ती माझी," म्हणाली. "तिसऱ्या रांगेतली. ती माझी पोर हाय."

हसू थांबलं. साहेबांनी विचारलं, कोण आहेत या? ती म्हणाली, "पोर न्यायला आले." साहेबांनी नेहमीचा आवाज काढला आणि म्हणाले, "असं होत नसतं. रीतसर अर्ज करा."

मी कशी उठले ते आठवत नाही. मंचाशी गेले आणि अकरा नकला त्यांच्यासमोर ठेवल्या. "केलेत साहेब," मी म्हणाले. "मोजून घ्या." माझा आवाज चिरका निघाला, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत निघायचा तसा. पण मायक्रोफोन चालू होता, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

मग मात्र लोक पेटले. एका धर्मशाळेचे व्यवस्थापक उठून म्हणाले, "आमच्या चादरी या मुली धुतात, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही विचारलं नाही." कुणी म्हणालं, यांची शाळा कुठंय ते दाखवा. कुणी साहेबांना विचारलं, तुम्ही तपासणीला येता तेव्हा नेमकं काय बघता? इतकी वर्षं नमस्कार करत आलेली माणसं एकदम ओरडू लागली. त्यांच्या ओरडण्यात मला माझीच शरम ऐकू आली. सगळ्यांनीच पुलावरून त्या चादरी बघितल्या होत्या.

"रुमाल काढा त्यांच्या डोक्यावरचे, दिसू द्या सगळ्यांना," मागून एक जण गरजला आणि दोघे-तिघे पुढे सरसावले. आई आडवी झाली. "नाय," ती म्हणाली. "त्यांच्या मर्जीशिवाय कुणी हात लावायचा नाय." तिचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. ती त्या माणसाला सांगत होती आणि स्वतःलाही.

मुलगी मागं वळली. तिनं आपल्या आईकडे पाहिलं, माझ्या आईकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली. तिच्या शेजारचीनं सोडली. मग तिच्या शेजारचीनं. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळ जणींनी. कुणाचे केस कापलेले, कुणाचे उवांपायी भादरलेले. सभागृहात बायका रडत होत्या. साहेबांनी माझ्या अकराव्या अर्जावर, मेहेरबान नसलेल्या, उभ्याउभ्या सही केली. महाराज हे सगळं होईपर्यंत गळ्यातल्या चंदनाच्या हारासकट बसून होते. तो काढायचं कुणाला सुचलं नाही, त्यांनाही नाही.

आई, मी आणि त्या मायलेकी दुपारी एस.टी. स्टँडवर पोचलो. आईनं पदराच्या गाठीतून मोगऱ्याचा गजरा काढला आणि तशीच थांबली. माळायचा कुठे? आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "देऊ का?"

मुलीनं तो घेतला. मनगटाला दोन वेढे दिले, तमाशाला निघालेल्या पाटलासारखा हात नाकाशी नेऊन हुंगला आणि नसलेल्या मिशीला पीळ भरला. मग तेच मघाचं हसू. तिची आई पदरात तोंड घालून हसत होती आणि रडतही होती. हरसूलची गाडी लागली. गाडी वळेपर्यंत खिडकीतून गजऱ्याचा हात बाहेर होता.

पुढे मोर्चा निघाला, चौकशी बसली, चादरी बंद झाल्या. साहेबांची बदली झाली आणि महाराज कुठेतरी अनुष्ठानाला गेले ते आलेच नाहीत. बऱ्याच मुली घरी गेल्या. काहींना घरच नव्हतं. त्यांना दुसऱ्या वसतिगृहात हलवलं, आणि आई आणि मावशी दर महिन्याला तिथं गजरे घेऊन जायला लागल्या. एकाच रिक्षात जायच्या. वीतभर जागेचं मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही.

दोन हजारच्या पुढची ती वर्षं. एका सकाळी दुकानावर बसून मी आईला पेपर वाचून दाखवत होते. लग्न होऊन मी पंचवटीतच राहायला होते, शिकवायला लागले होते, तरी शाळेआधी तासभर गोणपाटावर यायचे. आयर्लंड नावाच्या देशाची बातमी होती. तिथं धर्मसंस्थेच्या घरांत मुलींना कोंडून वर्षानुवर्षं कपडे धुवायला लावलं होतं, सरकारला ते माहीत होतं, आणि आता सगळा देश चिडून उठला होता.

"तिथंबी धुणंच?" आईनं सुई थांबवली. थोडा विचार करून म्हणाली, "फुलवाल्या नव्हत्या का तिथं?"

मी हसले. ती हसली नाही. "त्या पोरी घरी गेल्या ना?" तिनं विचारलं.

मी बातमी शेवटपर्यंत वाचली. "म्हाताऱ्या झाल्या गं," मी म्हणाले. "काही आतच गेल्या."

आईनं सुई पुन्हा चालू केली. तिच्या हातातला हार भरभर लांबत चालला होता. मग म्हणाली, "हरसूलला फोन लाव."

मुलीचं आता लग्न झालं होतं, दोन लेकरं होती. मोबाइल घेतल्या घेतल्या तिनं आम्हाला नंबर कळवला होता आणि बजावलं होतं, घरात रेंज येत नाय, बाजाराला आले तरच लागतो. मी फोन लावला. दोनदा लावला. तिसऱ्यांदा स्पीकर चालू करून आईच्या कानाशी धरला. फोनमधली बाई तेच सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही.

आईनं ते नीट ऐकून घेतलं.

"घरीच हाय म्हणजे," ती म्हणाली आणि पुढचं फूल उचललं.